निर्माते गेले, वाहने राहिली : अमेरिकी मोटारींच्या ब्रेकची देखभाल

बंगळुरू : जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील मोटारविक्री थांबवली. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील वाहननिर्मिती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र या दोन्ही कंपन्यांनी विकलेल्या मोटारी आजही रस्त्यावर आहेत. बंगळुरूसारख्या महानगरात शेवरोले बीट, स्पार्क, टवेरा, क्रूझ किंवा फोर्ड फिगो, इकोस्पोर्ट, एन्डेव्हर ही वाहने दररोज वापरली जातात. त्यांतील अनेक वाहनांनी वयाची दहा वर्षे ओलांडली आहेत. अशा वाहनांच्या बाबतीत इंजिन किंवा वातानुकूलन यंत्रणेपेक्षाही ब्रेकचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ब्रेकचे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात आणि ते वेळेवर बदलले नाहीत तर त्याची किंमत वाहनातील तसेच रस्त्यावरील माणसांना मोजावी लागते.

दोन्ही कंपन्यांनी भारतातून माघार घेताना विद्यमान ग्राहकांना दुरुस्तीसेवा आणि सुटे भाग पुरवत राहण्याचे आश्वासन दिले होते. तरीही विक्रेत्यांचे जाळे आकसल्यानंतर बहुसंख्य वाहनधारक परिसरातील स्वतंत्र गॅरेजकडे वळतात. त्यामुळे ब्रेकमध्ये काय तपासावे, कोणता भाग केव्हा बदलावा आणि तो कसा पारखून घ्यावा, याची माहिती वाहनधारकाला स्वतःला असणे आवश्यक झाले आहे.

जुने नाते

अमेरिकी मोटारींचे भारताशी नाते जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखाना सुरू केला होता. फोर्डचीही मुंबईत जोडणी होत असे. विदेशी मोटारींच्या केवळ जोडणीला परावृत्त करणाऱ्या धोरणामुळे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोघांनीही काम आटोपते घेतले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार करून कुर्ला येथे डॉज आणि प्लिमथ मोटारींची जोडणी केली. याच वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली होती. महिंद्र समूहाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली.

आर्थिक उदारीकरणानंतर हे नाते पुन्हा जुळले. फोर्डने चेन्नईजवळ मराईमलाई नगर येथे आणि नंतर गुजरातेत साणंद येथे कारखाने उभारले. जनरल मोटर्सचे कारखाने गुजरातेत हालोल आणि महाराष्ट्रात पुण्याजवळ तळेगाव येथे होते. तळेगाव येथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे हा कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार २०२३ मध्ये झाला. साणंदचा कारखाना टाटा समूहाकडे गेला. बंगळुरूत जनरल मोटर्सचे तांत्रिक केंद्र २००३ मध्ये सुरू झाले होते आणि कंपनीने मोटारविक्री बंद केल्यानंतरही त्याचे काम चालू राहिले. टेस्ला कंपनीने आपल्या भारतीय उपकंपनीची नोंदणी जानेवारी २०२१ मध्ये बंगळुरूतच केली. तिचे पहिले विक्रीदालन मात्र जुलै २०२५ मध्ये मुंबईत उघडले. जीपचे कंपास हे वाहन २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होऊ लागले.

ब्रेक नेमके काय करतो?

धावत्या वाहनात साठलेली गतिज ऊर्जा घर्षणाद्वारे उष्णतेत रूपांतरित करणे हे ब्रेकचे कार्य होय. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. सुमारे १,५०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढ्या उष्णतेत ६५० मिलिलिटरच्या आसपास पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येईल. ही सारी उष्णता काही सेकंदांत चार चाकांजवळच्या भागांना सोसावी लागते.

त्याच वेगाला चालकाच्या प्रतिसादात एक सेकंद गेला, तर तेवढ्यात वाहन जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक उत्तम स्थितीत असतील तर त्यानंतर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. ब्रेकची क्षमता निम्म्यावर आली तर हे २० मीटर ४० होतात. वाहतुकीच्या गर्दीत हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

चालक पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलवर दाब निर्माण होतो. तो दाब नळ्यांमधून चाकांपर्यंत पोहोचतो. पुढच्या चाकांवर कॅलिपरमधील दट्ट्या ब्रेक पॅडना फिरत्या डिस्कवर दाबतो. मागच्या चाकांवर अनेक मोटारींत ड्रम असतो आणि त्याच्या आत लायनर बसवलेले दोन ब्रेक शू बाहेरच्या दिशेने ढकलले जातात. फिगो, इकोस्पोर्ट आणि बीट या मोटारींत पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच रचना आहे. जोरात ब्रेक लावल्यावर वाहनाचा भार पुढे झुकतो. त्यामुळे थांबवण्याचे दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक काम पुढच्या ब्रेकना करावे लागते आणि पुढचे पॅड अधिक लवकर झिजतात.

द्रवाच्या दाबावर चालणारी ही रचना मोटारींत रूढ करण्यात अमेरिकेचा वाटा मोठा आहे. माल्कम लॉकहीड या अमेरिकी अभियंत्याने तिचे पेटंट १९१७ मध्ये घेतले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग आणि १९२४ च्या क्रायस्लर मोटारींत ती वापरली गेली. फोर्डने मात्र १९३९ च्या मोटारींपर्यंत सळ्या आणि तारांनी चालणारे यांत्रिक ब्रेकच कायम ठेवले होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दुहेरी दाबयंत्रणा अनिवार्य झाली. तिच्यात एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक कार्यरत राहतात. त्यापूर्वीच्या बहुतेक अमेरिकी मोटारींत ही सोय नव्हती. अशा जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांनी प्रत्येक फेरीपूर्वी नळ्यांची आणि ऑइलच्या पातळीची पाहणी करणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

तपासणीची सुरुवात पेडलपासून

ब्रेकची प्राथमिक तपासणी कोणताही वाहनधारक स्वतः करू शकतो. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक झाले पाहिजे. त्यानंतर पेडल दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बुस्टर, म्हणजेच इंजिनच्या निर्वाताच्या साहाय्याने पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करीत आहे असे समजावे. पेडल दाबून ठेवले असता हळूहळू खाली जात राहिले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर झिजले आहे. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर नळ्यांत हवा शिरल्याची शक्यता अधिक असते.

आवाजही बरेच काही सांगतात. अनेक पॅडना धातूची एक पातळ पट्टी जोडलेली असते. पॅड ठराविक मर्यादेपर्यंत झिजले की ती डिस्कला घासून कर्कश आवाज करते. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास पॅडची धातूची पाठ थेट डिस्कवर घासू लागते. मग पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी असमान झाली असावी. वाहन एका बाजूला ओढले जात असेल तर एका चाकाचा कॅलिपर अडकलेला असू शकतो.

ब्रेक ऑइलच्या पारदर्शक डबीवर किमान आणि कमाल पातळीच्या खुणा असतात. पॅड झिजत गेले की दट्ट्या पुढे सरकतो आणि डबीतील पातळी थोडी खाली येते. त्यामुळे पातळी कमी दिसताच वरून ऑइल ओतून मोकळे होणे योग्य नाही. प्रथम पॅडची जाडी पाहावी. पॅड चांगले असूनही पातळी घटत असेल तर गळती शोधलीच पाहिजे.

चाक काढल्यावर काय पाहावे?

नव्या पॅडवरील घर्षण थराची जाडी साधारणतः १० ते १२ मिलिमीटर असते. ती ३ मिलिमीटरवर आली की पॅड बदलावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. वाहनाच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असल्यास ती प्रमाण मानावी. कॅलिपरच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पॅडची पाहणी करणे आवश्यक असते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या तर आतले पॅड संपून जाते आणि बाहेरचे निम्मे शिल्लक दिसते. केवळ बाहेरून डोकावून 'पॅड चांगले आहेत' असा निर्वाळा देणारी तपासणी अपुरी समजावी.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ड्रमवर त्याचप्रमाणे कमाल अंतर्गत व्यास नमूद असतो. मापकाने मोजून या मर्यादा पडताळाव्यात. खोल चरे पडलेला ड्रम किंवा डिस्क लेथवर कातून वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मर्यादेच्या आत राहून हे करता येते. मर्यादा ओलांडलेली डिस्क मात्र उष्णता पेलू शकत नाही आणि तिला तडा जाऊ शकतो.

ड्रमच्या आत व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांभोवती ओलावा दिसल्यास गळती सुरू झाली आहे. ऑइल लायनरवर पसरले असेल तर ते लायनर पुसून पुन्हा वापरू नयेत. मागचे ड्रम वर्षानुवर्षे उघडलेच जात नाहीत, हे अनेक जुन्या मोटारींचे दुखणे आहे. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागणे, हे मागच्या लायनरची झीज किंवा तारेचा सैलपणा दर्शवते.

दहा-पंधरा वर्षे जुन्या वाहनांत रबरी नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांवर भेगा किंवा फुगवटा दिसल्यास त्या तत्काळ बदलाव्यात. काही वेळा नळी बाहेरून ठीक दिसते, पण आतून सुजलेली असते. मग पेडल सोडल्यानंतरही दाब परत फिरत नाही आणि त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो. प्रवासानंतर एकच चाक अधिक तापलेले आढळणे हे त्याचे एक लक्षण आहे.

ऑइल जुने का होते?

डॉट-३ आणि डॉट-४ या प्रकारांतील ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनते आणि हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट-४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ठराविक प्रमाणात पाणी शोषल्यानंतरची त्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. डॉट-३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० अंश असे आहेत. लांब उतारावर ब्रेक तापले की जुन्या ऑइलमधील पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल एकाएकी तळाला जाते.

बंगळुरूहून नंदी टेकडीवर जाणारे पर्यटक, पश्चिम घाट उतरून मंगळुरूकडे जाणारे प्रवासी आणि पुणे-बंगळुरू महामार्गावरून खंबाटकी किंवा कात्रजमार्गे येणारे वाहनचालक यांच्यासाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. साधारणतः दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्णपणे बदलणे इष्ट असते, मग वाहन कितीही कमी धावलेले असो. उघडून ठेवलेल्या बाटलीतील ऑइल वापरू नये. ब्रेकच्या डबीत चुकून इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल पडल्यास सर्व रबरी भाग सुजतात. अशा वेळी वाहन न चालवता संपूर्ण यंत्रणा स्वच्छ करून ते भाग बदलावे लागतात.

उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाचा उपयोग करावा. इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये वाहन सोडणे घातक आहे. इंजिन बंद होताच बुस्टरचे साहाय्य दोन-तीन दाबांनंतर संपते. पुण्यातील नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका टँकरने सुमारे ४८ वाहनांचे नुकसान केले होते. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. नंतर चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासात आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. टँकरची यंत्रणा मोटारीहून वेगळी असली तरी यातून मिळणारा धडा दोन्हींना लागू पडतो.

भाग बदलताना

पॅड, लायनर आणि डिस्क नेहमी एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर एकदम बदलाव्यात. एकाच बाजूला नवा भाग बसवल्यास वाहन ब्रेक लावताना एकीकडे ओढले जाते. वाहन केवळ जॅकवर उभे ठेवून त्याखाली काम करू नये. खाली भक्कम आधार द्यावा आणि उर्वरित चाकांना अटकाव लावावा. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने टांगून ठेवावा. सरकत्या पिना साफ करून त्यांना योग्य वंगण लावावे. पॅड आणि डिस्कच्या घर्षण पृष्ठभागाला मात्र वंगणाचा स्पर्शही होता कामा नये.

ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवणे टाळावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसच्या चालू वापरावर बंदीचा नियम जाहीर केला. त्यात बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेकच्या भागांचाही समावेश होता. धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडावर योग्य मास्क लावावा.

नवे पॅड बसवल्यानंतर वाहन हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबणे अनिवार्य आहे. हे विसरल्यास पहिल्याच वेळी पेडल तळाला जाते. पुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर शक्यतो जोरात ब्रेक लावणे टाळावे, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसतात. नळी किंवा सिलिंडर उघडला असेल तर नळ्यांतील हवा काढून टाकावी लागते. चाके लॉक होण्यापासून रोखणारी एबीएस यंत्रणा असलेल्या काही वाहनांत यासाठी संगणकीय उपकरणाची गरज पडते. ते उपकरण गॅरेजकडे आहे का, हे आधीच विचारावे. एबीएसचा दिवा सतत पेटत असेल तर साधे ब्रेक चालत असले तरी ती यंत्रणा बंद पडली आहे असे समजावे.

सुट्या भागांची पारख

बंगळुरूत जे. सी. रोड आणि कलासिपाळ्य परिसर वाहनांच्या सुट्या भागांसाठी ओळखला जातो. तेथे किंवा अन्यत्र खरेदी करताना केवळ मोटारीचे नाव सांगणे पुरेसे नाही. फिगो २०१० मध्ये आली आणि २०१५ मध्ये तिची नवी पिढी बाजारात आली. नाव एकच असले तरी भाग सारखेच असतील असे गृहीत धरता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरील चेसिस क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि जुन्या भागावरील क्रमांक यांची जुळणी करूनच खरेदी करावी.

मोटार अमेरिकी नावाची असली तरी तिच्या ब्रेकचे भाग अमेरिकेतूनच यावे लागतात असे नाही. मोटारउत्पादक हे भाग सहसा विशेषज्ञ पुरवठादारांकडून घेतात. चेन्नईची १९६२ मध्ये स्थापन झालेली ब्रेक्स इंडिया, तसेच राणे आणि सुंदरम या नावांचे उद्योग भारतात दीर्घकाळ ब्रेकचे भाग बनवत आले आहेत. नामांकित भाग-उत्पादकाचा, वाहनाशी जुळणारा भाग हा मूळ कंपनीच्या वेष्टनातील भागाला समर्थ पर्याय ठरू शकतो. धोका असतो तो बनावट मालाचा. पुसट छपाई, उत्पादन तुकडीचा क्रमांक नसणे, अवास्तव कमी किंमत आणि पावती देण्यास नकार ही त्याची लक्षणे होत. चाचणीत निकृष्ट पॅड थंड असताना बरे वाटते, तापल्यावर त्याची पकड ढासळते. म्हणून गॅरेजच्या आवारातील एका फेरीवर विसंबू नये.

दुर्मीळ भागांच्या बाबतीत जुन्या मोटारीतून काढलेले भाग बसवण्याचा मोह होतो. आरसा किंवा दरवाजा असा घेता येईल. पॅड, नळ्या, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर मात्र वापरलेले घेऊ नयेत.

विजेच्या मोटारींचे काय?

टेस्लासारख्या विद्युत मोटारींत वेग कमी होताना चलित्रच जनित्राचे काम करते आणि ऊर्जा पुन्हा बॅटरीत जाते. त्यामुळे पॅड फार सावकाश झिजतात. मात्र क्वचित वापरामुळे डिस्कवर गंज चढू शकतो आणि कॅलिपरच्या पिना अडकू शकतात. ब्रेक ऑइल याही मोटारींत बाष्प शोषतेच. झीज कमी असली तरी नियमित पाहणी चुकवता येत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार, धोकादायक ठरू शकेल असा दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा दंडनीय गुन्हा आहे. दोष माहीत होता किंवा सामान्य दक्षतेने कळू शकला असता, एवढे त्यासाठी पुरेसे आहे. टवेरासारख्या व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. खासगी मोटारींची तपासणी सामान्यतः १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणावेळी होते. म्हणजेच मधल्या दीर्घ काळात खासगी मोटारीच्या ब्रेकची जबाबदारी संपूर्णपणे मालकावर असते.

वाहनधारकांसाठी थोडक्यात

• महिन्यातून एकदा पेडल, हँडब्रेक आणि ऑइलची पातळी पाहावी.
• दर १०,००० किलोमीटरनंतर किंवा वर्षातून एकदा चारही चाके काढून पॅड, लायनर, डिस्क, ड्रम आणि नळ्या तपासून घ्याव्यात.
• ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार वापरावा.
• पावसाळ्यापूर्वी आणि घाटातील प्रवासापूर्वी स्वतंत्र तपासणी करावी.
• मोजलेली जाडी, बदललेल्या भागांचे क्रमांक, तारीख आणि किलोमीटर यांची वहीत नोंद ठेवावी. गॅरेज बदलले तरी ही नोंद वाहनासोबत राहते.
• काढलेले जुने भाग मेकॅनिककडून मागून पाहावेत.